टाको चालतो, टाकोवाला चालत नाही : एका मेक्सिकन खानावळीत आपला इतिहास वाचताना



गेल्या एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी दक्षिण कॅलिफोर्नियात जायची संधी मिळाली. माझा मावसभाऊ तिथे संगणक कंपनीत नोकरीला आहे. शनिवारी कार्यक्रम झाला. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तो म्हणाला, "ताई, आज घरी काही करायचं नाही. कोपऱ्यावरच्या मेक्सिकन खानावळीत जाऊ."

एका बाजूला कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला टायरचे, आणि मध्ये ही दहा-बारा टेबलांची खानावळ. चर्चमधून थेट आलेली कुटुंबे, रंगाचे डाग पडलेल्या पँटमधले मजूर, एकाच टेबलावर आजी, सून आणि नातवंडे. न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या या खाण्याला तिकडे ब्रंच म्हणतात. हा शब्द १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने काढला, तो शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौज करून रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी. या खानावळीतला रविवार मात्र आठवडाभर राबलेल्यांचा होता.

मी चिलाकिलेस मागवले. शिळ्या तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीचे, तुकडे तळून तिखट साल्सात परततात; वर अंडे, कांदा, चीज. पहिला घास घेतला आणि आईच्या हातचा शिळ्या भाकरीचा कुस्करा आठवला. भावासमोर मोठा वाडगा आला. लाल रस्सा, त्यात मक्याचे फुगलेले टपोरे दाणे आणि बोटभर लांबीचे मऊ तुकडे. वाडगा माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "ओळख."

ओळखायला काय लागते? वजडी होती. तिकडे तिला मेनुदो म्हणतात. बऱ्याच खानावळींत ती फक्त शनिवार-रविवारी मिळते, आणि तशी पाटी दारावर मोठ्या अक्षरांत लावलेली असते.

भाऊ पोटभर जेवला. मग म्हणाला, "ताई, ऑफिसात आमच्या भारतीय लोकांची डबा पार्टी असते. सहा वर्षं झाली, मी दर वेळी जिरा राईस नेतो. काही वेगळं नेलं की आधी 'हे काय' विचारतात, मग 'तुमच्याकडे हे खातात का' विचारतात, आणि मग आडनाव. पोरगा सात वर्षांचा झाला, त्याला मी अजून सांगितलेलं नाही की त्याची आजी वजडी करायची. आणि ही बघ, ही माणसं दारावर पाटी लावतात. यांना लाज कशी नाही वाटत?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या टेबलावर माझ्याकडे नव्हते. परत आल्यावर वाचन केले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भावाचा नाही. तालुक्याच्या गावी खोली करून राहणारा, डब्यात काय आहे हे झाकणाआड लपवणारा आपला प्रत्येक विद्यार्थी तो विचारत असतो.

पाटा-वरवंट्यावरचे शास्त्र

आधी तोर्तियाची गोष्ट. मका हा मेक्सिकोतल्या मूळनिवासी शेतकऱ्यांनी हजारो वर्षांच्या मेहनतीने घडवलेला दाणा. तिथल्या स्त्रिया तो नुसता दळत नसत. चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर भिजू द्यायचा, साल धुऊन काढायची आणि मग दगडी मेतातेवर वाटायचा. मेताते म्हणजे थेट आपला पाटा-वरवंटा. असा तयार केलेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्यामुळे मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते आणि अंगी लागते.

१५१९ मध्ये स्पॅनिश आले. १५२१ च्या ऑगस्टमध्ये अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. जेत्यांनी मका उचलला, जगभर नेला. पण रांधणाऱ्या बायांना काही कळत असेल हे त्यांच्या डोक्यातच आले नाही, म्हणून चुना मागे राहिला. परिणाम काय झाला? जिथे जिथे गरिबांना केवळ मक्यावर जगावे लागले, तिथे पेलाग्रा नावाचा रोग आला. कातडी सोलते, हगवण लागते, भ्रम होतो आणि माणूस मरतो. १७३५ मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्याने त्याची नोंद केली. पुढे उत्तर इटलीतले शेतमजूर त्याला बळी पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात कूळ शेतकरी आणि गिरणी कामगार हजारोंनी मेले. हा संसर्ग नाही, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून जीव तोडून सांगत होते. मेक्सिकोतल्या अडाणी म्हणून हिणवलेल्या बाया मात्र चुन्याचे पाणी टाकून पिढ्यान्पिढ्या आपली लेकरे या रोगापासून वाचवत होत्या.

मुद्दा असा की, वर्चस्ववादी समाज खालच्यांची वस्तू घेतो, त्यांचे ज्ञान घेत नाही, कारण ज्ञान घ्यायचे तर ते कोणाचे हे कबूल करावे लागते.

'कास्टा' आणि गहू खाणारे श्रेष्ठ

स्पॅनिश लोकांच्या मते गहू हे सभ्य माणसाचे अन्न. ख्रिस्ती प्रार्थनेतली पवित्र भाकरीही गव्हाचीच लागे. मका 'इंडियनां'चा. आपले अन्न सोडून त्यांचे खाल्ले तर आपला देहही त्यांच्यासारखा होईल, अशी भीती वसाहतवाल्यांना वाटे. वाचताना ओळखीचे वाटते ना?

अठराव्या शतकात मेक्सिकोत चित्रांची एक परंपरा आली. स्पॅनिश पुरुष, मूळनिवासी स्त्री, त्यांचे मूल आणि त्या मुलाला एक नाव. आफ्रिकी बाप, मूळनिवासी आई, त्यांचे मूल आणि त्याला दुसरे नाव. अशी बहुधा सोळा चित्रांची उतरंड. प्रत्येक चित्रात कपडे, काम आणि पुष्कळदा खाण्याचे पदार्थही. या वर्गवारीला 'कास्टा' म्हणत. हाच इबेरियन शब्द पोर्तुगिजांनी भारतात येऊन आपल्याकडच्या जातींना लावला आणि त्यातून इंग्रजी 'कास्ट' आला. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ज्या शब्दाने त्यांनी जातीची चिकित्सा केली तो शब्द असे दोन खंड फिरून आलेला होता.

इथे एक सावधगिरी हवी. शब्द एक आहे म्हणून व्यवस्था एक होत नाही. मेक्सिकोतल्या कास्टामध्ये लग्नसंबंधांतून दोन-तीन पिढ्यांत वर सरकता येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर राजाकडे पैसे भरून हीन वंशाचा डाग पुसल्याचा दाखलाही मिळवता येई. आपल्याकडे कोणत्या राजाने असा दाखला दिला? अस्पृश्यता विकत घेऊन पुसता येत नव्हती. वंश आणि जात एक नव्हेत हे बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात पुराव्यांनिशी मांडले आहे. तुलना करायची ती सारखेपणा सिद्ध करायला नाही, आपले दुखणे नीट ओळखायला.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. पण सत्ता गेली तरी नजर राहिली. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्यानेच ग्रंथ लिहिला आणि मानवजातीचे तीन भाग पाडले : गहू खाणारे, तांदूळ खाणारे, मका खाणारे. त्याच्या मते खरी प्रगती गहू खाणाऱ्यांचीच. म्हणजे जमीन हिसकावली, शाळा दिली नाही, मजुरी बुडवली, आणि वर गरिबीचे कारण काय, तर तोर्तिया! याच मेक्सिकन पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मका तोच, चुनाही तोच. बदलले ते बघणारे डोळे. ते आपोआप बदलले नाहीत.

मजुरीत मिळालेले मुंडके

१८४६ ते १८४८ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केले. ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेत गेला. कॅलिफोर्निया त्यातलाच. घर न सोडता माणसे परक्या देशात गेली. त्यांच्या दारावरून सरहद्द सरकली.

दक्षिण टेक्सासमध्ये मोठमोठी गुरांची कुरणे होती. मालक गोरे, गुराखी मेक्सिकन. जनावर कापले की चांगले मांस मालकाच्या घरी किंवा बाजारात. गुराख्यांना काय? मुंडके, आतडी, पोटाखालची चिवट पट्टी. तेही मजुरीचा भाग म्हणून. गुराख्यांच्या बायकांनी आणि आयांनी त्याचेच अन्न केले. मुंडके गोणपाटात गुंडाळून खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवायचे आणि रविवारी सकाळी उघडायचे, ते बार्बाकोआ. चिवट पट्टी निखाऱ्यावर भाजून बारीक चिरायची, ती फाहिता. पुढे १९७०-८० च्या दशकांत ही फाहिता मोठ्या हॉटेलांत तडतडणाऱ्या तव्यावर येऊ लागली आणि त्या फेकाऊ पट्टीचा भाव एवढा वाढला की गुराख्याच्या नातवाला ती परवडेना.

हे वाचताना बलुत्याची आठवण येणार नाही असा आपल्यात कोण आहे? गावचे मेलेले जनावर ओढायचे आणि त्याचे मांस हाच मोबदला. घरोघर फिरून शिळे तुकडे मागायचे आणि ती मजुरी. फरकही लक्षात घ्या. टेक्सासच्या गुराख्याला मिळत होते ते कापलेल्या जनावराचे मांस होते. आपल्याला मेलेले जनावर होते, आणि ते ओढले म्हणून अपवित्र ठरवले जाई व ओढले नाही म्हणून बहिष्कार पडे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, तुकडे मागणे सोडा असे बजावले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबाबतचे विधेयक आणले. दोन्हींमागचे सूत्र एकच होते. माणसाच्या श्रमाचे मोल उष्ट्यात आणि मढ्यात चुकते करायचे नसते. ते रोख पैशात, हक्काने द्यायचे असते.

आपल्याकडे या खाण्याचा इतिहास लिहिला गेलेला नाही असे नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ नावानिशी नोंदवले. पूर्णब्रह्म कोणाचे आणि अपूर्ण कोणाचे, हे शीर्षकातच आले.

मित्ला कॅफे : खानावळ, टाको आणि तलाव

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनो नावाचे शहर आहे. तिथल्या पश्चिम भागात मेक्सिकन वस्ती. १९३७ मध्ये माउंट व्हर्नन रस्त्यावर लुसिया रॉड्रिगेझ या बाईने मित्ला कॅफे सुरू केले. काळ कोणता? मंदीच्या त्या दशकात लाखो मेक्सिकन माणसांना, त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्यांनाही, रेल्वेत भरून मेक्सिकोत धाडले गेले होते. २००५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल माफी मागितली. अशा काळात एक बाई वस्तीत खानावळ काढते, ही साधी गोष्ट नाही.

मित्लाचा टाको प्रसिद्ध होता. तोर्तिया दुमडून कुरकुरीत तळायची, आत खिमा, वर सॅलडची पाने, टोमॅटो, चीज. रस्त्याच्या पलीकडे ग्लेन बेल या गोऱ्या माणसाचा हॅम्बर्गरचा ठेला होता. समोरची गर्दी तो पाहत होता. तो तिथे जाऊन टाको खाऊ लागला, कसा करतात ते शिकून घेतले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या ठेल्यावर टाको विकू लागला. १९६२ मध्ये त्याने 'टाको बेल' काढले. १९७८ मध्ये ती साखळी पेप्सी कंपनीने विकत घेतली. आज जगभर, आपल्या शहरांतल्या मॉलमध्येही, तो टाको मिळतो. लुसियाबाईंचे नाव त्या कागदी वेष्टनावर नाही.

इथवरची गोष्ट लोक हळहळत सांगतात आणि थांबतात. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

त्याच शहरात पेरिस हिल बागेत नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. मेक्सिकन वंशाच्या लोकांना तिथे प्रवेश नव्हता. नगरपालिका त्यांच्याकडून कर घेत होती, सैन्य त्यांची पोरे दुसऱ्या महायुद्धावर नेत होते, पण तलावाच्या फाटकावरून त्यांना परत पाठवले जाई. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कित्येक गावांत तर आठवड्यातला एकच दिवस 'मेक्सिकनांचा' असे. तो कोणता? दुसऱ्या दिवशी तलावाचे पाणी उपसून काढायचे असेल तो.

महाडच्या वाचकाला आणखी काही सांगायला हवे का?

मित्ला कॅफेत वस्तीतल्या मंडळींच्या बैठका होत. जेवणाच्या त्याच टेबलांवर आपल्यावरच्या अन्यायाची चर्चा होई, वर्गणी गोळा होई. १९४३ मध्ये 'एल एस्पेक्तादोर' या स्पॅनिश वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ, एक कॅथलिक धर्मगुरू आणि आणखी काही जणांनी महापौर सेकोम्ब आणि नगरपालिका यांच्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. वकील होते डेव्हिड मार्कस. १९४४ मध्ये न्यायमूर्ती लिऑन यांकविच यांनी निकाल दिला : मेक्सिकन वंशाच्या नागरिकांना सार्वजनिक तलाव आणि बागेपासून रोखता येणार नाही. हेच मार्कस पुढे मेंडेझ खटल्यात उभे राहिले. तिथे प्रश्न होता मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांचा. १९४६ मध्ये तो जिंकला, १९४७ मध्ये अपील न्यायालयाने कायम केला. पुढे १९५४ मध्ये ज्यांनी ब्राऊन खटला लढवून काळ्या मुलांसाठी गोऱ्यांच्या शाळांची दारे उघडली, त्या थर्गुड मार्शल यांनी मेंडेझ खटल्यात पाठिंब्याचे निवेदन दिले होते.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मित्ला कॅफे सुरू झाले त्याच १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने अखेरचा निकाल दिला. वीस मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी घेतले, तळे शेणमूत्राने 'शुद्ध' केले गेले, डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला, आणि दहा वर्षे बाबासाहेब लढले. एक तळे प्यायच्या पाण्याचे, एक पोहायचे. दोन्हीकडे भीती एकच होती : यांच्या अंगाने पाणी विटाळेल.

आणि मित्लाच्या रस्त्यावर काय चालले होते? टाको सरहद्द ओलांडत होता, रस्ता ओलांडत होता, गोऱ्यांच्या तोंडात जात होता. टाको करणाऱ्या बाईच्या वस्तीतल्या लेकरांना मात्र पाण्यात पाय बुडवायला न्यायालयाचा हुकूम लागला. १९४९ मध्ये छायाचित्रकार रसेल ली यांनी टेक्सासमध्ये टिपलेल्या चित्रांत खानावळीवरची पाटी दिसते, मेक्सिकनांना मज्जाव करणारी. त्याच टेक्सासच्या घराघरात तोवर मेक्सिकन तिखटाची डबी पोहोचलेली होती. ती डबी बाजारात आणणारा जर्मन स्थलांतरित विली गेबहार्ट श्रीमंत झाला. सॅन अँटोनियोच्या चौकात त्या तिखटाचा रस्सा विकणाऱ्या मेक्सिकन बायांचे ठेले मात्र १९३०-४० च्या दशकांत आरोग्याच्या नियमांखाली हटवले गेले.

म्हणून मी म्हणते, पदार्थाला मिळालेला प्रवेश म्हणजे माणसाला मिळालेला प्रवेश नव्हे.

आपल्या देवघरातली मेक्सिकन मिरची

हे तिकडचेच आहे असे समजू नका. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोची. हे सगळे पोर्तुगीज आणि नंतरच्या युरोपीय व्यापाराबरोबर आले, म्हणजे ज्यांना म्लेंच्छ म्हटले त्यांच्या जहाजांतून, आणि मुळात ज्यांनी पिकवले ते मूळनिवासी शेतकरी. तरीही हे सोवळ्यातल्या चुलीवर चढले, उपवासाला 'चालू' लागले. मिरचीला कोणी जात विचारली नाही. बटाट्याला कोणी दाखला मागितला नाही. मिरची तोडून, वाळवून, पोती भरून देणाऱ्या मजूर बाईला मात्र ओसरीच्या खालीच पाणी वरून ओतले गेले.

याचा अर्थ काय होतो? विटाळ पदार्थात कधीच नव्हता. तो सत्तेचा हिशेब होता. ज्याचा उपयोग आहे ते आत घ्यायचे, ज्याचा हक्क मान्य करावा लागेल त्याला बाहेर ठेवायचे.

दोन आक्षेप

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, ताई, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले त्याचा अभिमान कसला? आक्षेप गंभीर आहे. बाबासाहेबांनी सोडायला लावले ते मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले तुकडे, कारण त्यात गुलामी होती. बाजारातून आपल्या कमाईने विकत आणून, धुऊन, रांधून खाल्लेल्या अन्नात ती गुलामी नाही. पण आपण काय केले? गुलामी सोडताना आईच्या हाताचीही लाज धरली. पहिली गोष्ट मुक्ती होती. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्यांच्या नजरेने स्वतःकडे पाहणे. समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवासांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटले, त्याची ही घरगुती आवृत्ती आहे. कोणी शाकाहारी झाला, कोणी नाही, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. धम्म मानणाऱ्याने विवेकाने ठरवावे. फक्त ते भीतीने ठरवू नये.

मेक्सिकन लोकांनाही हा मोह पडला होता. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश लिहिला गेला. विरोध झाल्यावर १९४० मध्ये त्यांना पुन्हा 'गोरे' धरले. मेंडेझ खटल्यातही युक्तिवादाचा पाया असा होता की मेक्सिकन कायद्याने गोरेच आहेत, मग त्यांना वेगळे काढणारा कायदा कुठे आहे? डावपेच म्हणून तो चालला. पण 'आम्हीही तुमच्यातलेच' असे म्हणून दार उघडले की शेजारी उभा असलेला काळा माणूस बाहेरच राहतो. बाबासाहेबांनी क्षत्रियत्वाचा दाखला मागितला नाही. त्यांनी दार उघडायला नव्हे, उतरंडच मोडायला सांगितली. ही दृष्टी आपल्याकडे आहे आणि ती आपण जपली पाहिजे.

दुसरा आक्षेप उदारमतवादी मित्रांचा. ते म्हणतात, एकत्र खा, जात आपोआप जाईल. 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी सहभोजनाची मर्यादा कधीच सांगून ठेवली आहे. टाको बेलसमोरच्या रांगा त्याचा पुरावा आहेत. जीभ उदार व्हायला वेळ लागत नाही. नगरपालिका उदार व्हायला खटला लागतो.

खानावळ हीही चळवळीची जागा

मग लाज कशी नाही वाटत, या भावाच्या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर हे की त्यांनाही लाज वाटत होती. मेक्सिकन मुले शाळेत तोर्तियाचा डबा लपवून खात, हे त्यांच्या पिढ्यांनी सांगून ठेवले आहे. ती लाज जिभेने गेली नाही. तलावाचा खटला, शाळांचा खटला, १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी पुकारलेला आणि सेझार चावेझ, डोलोरेस ह्युर्टा यांच्या संघटनेने साथ दिलेला पाच वर्षांचा संप, यांतून ती गेली. माणूस ताठ उभा राहिला तेव्हा त्याचे ताटही ताठ उभे राहिले.

आपल्याकडे हा वारसा नाही का? कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवा. संस्थानच्या नोकरीत असताना पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला बळ दिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. महाराज गाडी थांबवून तिथे चहा पीत आणि सोबतच्या प्रतिष्ठितांनाही पाजत. पाणी आणि चहा, तळे आणि हॉटेल यांचा संबंध आपल्या नेत्यांना पक्का ठाऊक होता. म्हणून तर संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि विहिरी, तलाव, स्नानघाट एकाच कलमात बसले आहेत. १९५० सालची ही गोष्ट. अमेरिकेत खानावळीचे दार कायद्याने सर्वांना उघडे व्हायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. कायद्यात आपण चौदा वर्षे पुढे होतो. व्यवहारात वेगळ्या कपबश्या किती वर्षे टिकल्या, हे आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आणि विचाराच. माझे प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीत पहिली खानावळ, पहिला चहाचा गाडा कोणी काढला? तिथे कोण बसत होते? नामांतराच्या काळात पत्रके कुठल्या टेबलावर लिहिली गेली? मोर्चाला निघालेल्या पोरांना कोणत्या बाईने उधारीवर भाकरी दिली? हे कोणी लिहिलेले नाही. सांगणारे एकेक करून जात आहेत. मित्लाची गोष्ट त्यांच्या माणसांनी लिहिली म्हणून मला कळली. नाहीतर जगाला फक्त टाको बेल माहीत असते.

त्या रविवारी बिल दिल्यावर भावाने टेबलावरूनच मावशीला फोन लावला. भारतात रात्र झाली होती. तो म्हणाला, "आई, वजडी कशी धुवायची ते सांग."

मावशी आधी गप्प झाली. मग म्हणाली, "कशाला रे? तिकडं कोणी बघंल."

"बघू दे. पोराला दाखवायचंय."

मग ती सांगायला लागली. "आधी चुना लावायचा. थोडा वेळ ठेवायचा. मग गरम पाण्यानं खरडून काढायची, पांढरीशुभ्र होईस्तोवर..."

भाऊ मोबाइलवर लिहून घेत होता. पुढच्या डबा पार्टीला तो काय नेणार, हे मी विचारले नाही. ते त्याने ठरवायचे आहे. पण तिथे पुन्हा कोणी आडनाव विचारले, तर त्याने ते पूर्ण सांगावे, आणि कोण आहोत तेही सांगावे, एवढे मी त्याला सांगून आले.

जयभीम!